दोन इंचांची फट

४ नोव्हेंबर, बुधवार

सगळं बदललं ते काल, मंगळवारी, दुपारी चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना. पडद्यावर एक पांढरा चौकोन आला आणि लुकलुकायला लागला. बास, एवढंच. नखाएवढा चौकोन. पण मी स्टुलावरून उठलो, बसलो, परत उठलो, आणि मग आमच्या मालकांना, फ्यूजकाकांना, ओरडून हाक मारली.

तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर चालू झाला.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही ते विसरलो म्हणून नाही. तीनदा लिहिलं आणि तिन्हीदा कागद फाडला. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, त्यामुळे हा कागद. कागदाला बंद करता येत नाही, फार तर न वाचता टाकून देता येतो. टाकू नकोस. यात सगळं कॉम्प्युटरबद्दलच आहे, माझ्याबद्दल काही नाही.

आणि योग बघ, आज सकाळी ताईने तुझी चिठ्ठी आणून दिली. नऊ महिन्यांनी तुझं अक्षर! 'वीस तारखेला आम्ही घर सोडतोय. आईला माझ्याकडे घेऊन जातेय. बाबांचा कॉम्प्युटर तिला हवाय. जसा दिला होता तसा परत कर.' चार वाक्यं, खाली सहीसुद्धा नाही. किती वेळा वाचली ते सांगणार नाही.

तर, कॉम्प्युटर सुखरूप आहे. एकदम सुखरूप. काळजी नसावी.

मी आता एका दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर, जे येईल ते. मालक साठीचे आहेत. गिऱ्हाईक काहीही घेऊन आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न, "फ्यूज बघितला का?" एकदा एक बाई नुसता पत्ता विचारायला आली तर तिलाही विचारलं. म्हणून फ्यूजकाका. कॉलेजात तीन वर्षांत जे कळलं नाही ते यांच्याकडे सहा महिन्यांत कळलं. हे मी कॉलेजला नावं ठेवायला लिहीत नाहीये. थोडंसं ठेवायला लिहितोय.

तुला आठवतं, जानेवारीत तू तो खोका माझ्या हातात दिलास? "बघ चालतो का. ऑफिसने मोडीत काढला होता, बाबांनी उचलून आणला. तेव्हाही जुनाच होता." कीबोर्डच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर, दुधाचा दात पिवळा पडावा तसा पिवळा. बरोबर टेपरेकॉर्डर आणि पाच कॅसेटी. हार्ड डिस्क नाही, काही नाही. प्रोग्रॅम कॅसेटवर, गाण्यासारखे! रेकॉर्डर लावायचा, तो किंचाळायला लागतो, आणि त्या किंचाळण्यातून कॉम्प्युटर अक्षरं वेचून घेतो. मला हे अजून खरं वाटत नाही.

काल 'क्षेत्रफळ' नावाची कॅसेट लावली. चार मिनिटं किंचाळली आणि पडद्यावर प्रश्न आला: बाजू किती? मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. मी दुकानाच्या बाजू मोजून घातल्या. दुकान एकशे चव्वेचाळीस चौरस फूट निघालं. काका म्हणाले, "एकशे साठ आहे, करारात लिहिलंय." मी म्हटलं, मग कराराचा फ्यूज बघा.

एका कॅसेटवर नुसतं 'घर' लिहिलंय. त्यात काय आहे? तुला माहीत आहे? बाबा तर जमिनी मोजायचे. हे 'घर' कुणाचं?

– शिट्टी
(कुकरची. तूच ठेवलेलं नाव. आज वाजलेली नाही.)


८ नोव्हेंबर, रविवार

उत्तर आलं नाही. येईल असं म्हटलंही नव्हतंस.

एक गंमत विचारतो. नुसती कल्पना हं. समजा एखाद्याने असा जुना कॉम्प्युटर घेतला आणि तो काखेत घालून नेता येईल असा केला, तर? घरी बनवलेला लॅपटॉप. मिटायचा, उघडायचा, बॅटरीवर चालायचा.

तूच सांगितलं होतंस ना, बाबा दिवसभर शेतांतून, माळांवरून आकडे वहीत उतरवून आणायचे, आणि संध्याकाळी जेवणाआधी इथे बसून हिशेब करायचे. कुठला आकडा चुकलाय हे घरी आल्यावर कळायचं, मग दुसऱ्या दिवशी परत तेवढ्यासाठी वीस किलोमीटर. "हा डबा पाटीसारखा बरोबर नेता आला असता तर काय पाहिजे होतं," असं म्हणायचे. तू हे मला लायब्ररीच्या पायरीवर सांगितलंस. तू ते विसरलीही असशील. मी विसरलो नाही.

तर समजा. पडदा कुठला घेशील? मोठा टीव्ही गेला. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दाखवणारा एक छोटा पडदा असतो बघ, सात इंची. त्याला हा कॉम्प्युटर थेट जोडता येतो. फक्त कॉम्प्युटरच्या आत एक पत्र्याची डबी आहे, ती चित्राचं टीव्हीच्या चॅनेलात रूपांतर करते, तिला वळसा घालावा लागतो. बॅटरीला बंद पडलेल्या ड्रिल मशीनचे सेल, आठांतले पाच जिवंत निघतात. मूळचा वीज आवरणारा भाग इतका तापतो की त्यावर बोट ठेवलं की फोड, तो काढून छोटा, थंड भाग बसवायचा. खोकं प्लायवुडचं, वरचं झाकण दुकानाच्या जुन्या पाटीच्या ॲल्युमिनियमचं. बिजागरी कपाटाची. पहिली बिजागरी इतकी ढिली निघते की पडदा मान टाकतो, वर्गात झोप आलेल्या पोरासारखी. दुसरी इतकी घट्ट की झाकण उघडायला गेलं तर अख्खा कॉम्प्युटर उचलला जातो. तिसरी बसते.

तू हुशार आहेस. ही कल्पना नाही हे तुला दुसऱ्याच ओळीला कळलं असणार.

हो, केलाय. दोन महिने करत होतो. तुझी चिठ्ठी यायच्या आधीच होत आला होता. मंगळवारी चौकोन लुकलुकला तो याच पडद्यावर. रागावू नकोस. तो तापणारा भाग सोडला तर आतलं सगळं बाबांचंच आहे, एकही चिप बदललेली नाही. कीबोर्ड तोच. पाचचा आकडा झिजलेला, तोही तसाच. पाचच का झिजला असेल? जमिनीत इतके पाच असतात?

सगळं इतकं छान झालंय की रेकॉर्डर तेवढा मागे राहू नये म्हणून कालपासून त्याच्या मागे लागलोय. नवा पट्टा घातला, आतला मळ काढला. मग ताईची गाण्यांची कॅसेट लावून बघितली तर गाणारा तोंडात रुमाल कोंबून गातोय असं वाटलं. बघितलं तर कॅसेट वाचणारा हेड वाकडा! बाबांनी इतकी वर्षं वाकड्या हेडवर काम केलं. त्याच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, तो फिरवून हेड सरळ केला. आता आवाज असा स्वच्छ की श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. ताई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ केलंस."

आता 'घर' लावणार. आत काय आहे ते उद्याच कळवतो.

– तोच


११ नोव्हेंबर, बुधवार

एकही कॅसेट लागत नाही.

'घर' नाही, 'क्षेत्रफळ'ही नाही. गेल्या मंगळवारी जी चालली तीच! किंचाळते, किंचाळते, आणि चौकोन आपला मख्खासारखा लुकलुकत बसतो. पन्नास वेळा लावली असेल. आवाज कमी, आवाज जास्त, वायर बदलून, बॅटरी सोडून भिंतीतल्या विजेवर. काही नाही.

मी ठरवून टाकलं की कॅसेटीच मेल्या. तुमच्या माळ्यावर ओल असणार, कुणी नीट ठेवलंच नसणार, आणि चालल्या तेव्हाच दुसऱ्यावर उतरवून घ्यायला पाहिजे होत्या हे मला कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे कोण, विचारू नकोस. राग आला की मला 'कुणी' लागतो.

काका म्हणाले, "मंगळवारनंतर काय बदललंस?"

"काही नाही. रेकॉर्डर दुरुस्त केला."

"फ्यूज..."

"फ्यूजचं नाव काढाल तर बघा!" आणि हातातला स्क्रूड्रायव्हर भिरकावला. त्यांच्यावर नाही, भिंतीवर. पण तो उडून कुणाच्या तरी मिक्सरच्या भांड्यात पडला, आणि मी दार आपटून बाहेर. दुकानाचं दार खाली घासतं. ते जरा उचलून ओढावं लागतं, नाहीतर लागत नाही. मला उचलायचा धीर नसतो, मी आपटतो. मागून काकांचा आवाज: "अरे, दाराने तुझं काय घोडं मारलंय?"

रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो, आणि लक्षात आलं की हे मी आधी केलेलं आहे. कॉलेजच्या लॅबचं दार. सर एवढंच म्हणाले होते, "हे सर्किट कुणाचं उचललंस?" काच फुटली, मी घरी आलो, आणि परत गेलोच नाही. तू म्हणालीस, "जा, सॉरी म्हण, दोन मिनिटांचं काम आहे." त्या दोन मिनिटांना नऊ महिने झाले.

आता खरं ते लिहितो, कारण काल तू ताईला फोन केलास आणि मी शेजारच्या खोलीत होतो. ताईचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो गं... बरं... टेबल पण नेणार?... हो, खिडकीजवळचं... आईसाठी ना? त्याच जागी ठेवणार का काकू? पिवळा डबा... हो हो, मला आठवतो, त्याच्यावर कपाचा गोल डाग होता..."

मग फोन ठेवून माझ्यासमोर आली. "काय केलंयस?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मी पंचवीस वर्षं ऐकतेय. तुझं वय बावीस आहे, तरी पंचवीस."

पिवळा डबा नाही.

मी तो कापला. गेल्या मंगळवारी, सव्वातीन वाजता, करवतीने. कीबोर्ड नव्या खोक्यात बसायला हवा होता आणि डबा चहूबाजूंनी बोटभर मोठा पडत होता. पहिल्या पत्रात लिहिलं की सगळं बदललं ते चौकोन लुकलुकला तेव्हा. ते खोटं नाही. पण त्याच्या आधी पस्तीस मिनिटं मी डबा कापला होता, आणि तो कपाचा गोल डाग बरोबर मधोमध दोन झाला. तेव्हा मला तो नुसता डाग वाटला. तुझी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आली.

तुकडे जपून ठेवलेत. चिकटवून पाहिले, पण करवतीने दोन मिलिमीटर खाल्लेत, ते कुठून आणू?

तुला न विचारता केलं. तुला आवडेल म्हणून केलं, आणि तुला आवडेल का हे तुलाच विचारायचं राहून गेलं.

हे पत्र टाकू की नको? टाकतो.


१३ नोव्हेंबर, शुक्रवार

लागली!!

थांब, क्रमाने सांगतो, नाहीतर तुला काही कळणार नाही.

गुरुवारी सकाळी दुकानात गेलो. काका त्या मिक्सरचं भांडं पुसत होते. मी म्हटलं, "चुकलो काका." किती वेळ लागला माहितीये? तीन सेकंद. दोन मिनिटंसुद्धा नाही. ते म्हणाले, "बस. आता सांग, रेकॉर्डरचं काय केलंस?"

"हेड वाकडा होता, सरळ केला."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! या कॅसेटी भरल्या कशावर?"

"याच रेकॉर्डरवर."

"हेड वाकडा असताना?"

"...हो."

"मग त्यांच्यावरच्या रेघा वाकड्याच उमटल्या ना! त्या वाचायला तेवढाच वाकडा हेड पाहिजे. या कॅसेटी वाचू शकणारं जगात एकच यंत्र होतं, ते तू दुरुस्त करून बिघडवलंस."

मी खाली बसलो. अगं, किती विचित्र आहे बघ! कॅसेटीत काही बिघाड नव्हता. रेकॉर्डर तर आता उत्तम होता. दोघंही आपापल्या जागी ठीक, आणि तरी एकाचं दुसऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं.

"आता? किती वाकडा होता ते मी मोजलं नव्हतं."

"मोजायचं नाही. ऐकायचं."

काकांनी कॉम्प्युटरची वायर काढायला लावली. नुसती कॅसेट लावली, तीच किंचाळी. "स्क्रू फिरव. अगदी हळू. नखभर. आवाज बसका लागतोय ना? फिरवत राहा. एका जागी तो धार लावल्यासारखा होईल. तिथे थांब. पुढे गेलास की परत बसेल."

मला थांबणं जमत नाही, तुला माहीतच आहे. सात वेळा ती जागा ओलांडून पुढे गेलो. काका डोळे मिटून बसलेले. "गेलास. मागे ये. गेलास. अरे, तुला कुठे गाडी पकडायचीये?" आठव्यांदा आवाज एकदम उघडला, कुणीतरी खिडकी उघडावी तसा, आणि मी हात काढून घेतला. श्वाससुद्धा घेतला नाही.

मग वायर जोडली आणि 'घर' लावली.

सहा मिनिटं. पडदा कोरा झाला, आणि एक ठिपका आला. ठिपक्यातून एक रेघ उजवीकडे निघाली. अगदी सावकाश, मुंगी चालावी तशी. कोपरा आला की 'टिक' असा आवाज, मग रेघ वळते. दाराच्या जागी थांबून पाव वर्तुळ काढते, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला. मी दुसऱ्या कोपऱ्याला ओळखलं. आत शिरल्यावर डावीकडे लहान खोली, समोर ओटा, उजवीकडे मोठी खोली आणि तिची ती तिरकी भिंत. हे तुमचंच घर आहे! आत्ता जे तुम्ही सोडताय तेच. खिडकीजवळ एक छोटा चौकोनही काढलाय. ते टेबल असणार, हो ना?

पण ऐक आता. रेघ सगळं घर फिरून परत निघाल्या ठिकाणी आली, आणि पोचलीच नाही. जराशी बाजूला थांबली. पूर्वेच्या कोपऱ्यात फट राहिली. टिक झालं, प्रोग्रॅम संपला.

मला वाटलं माझं काही चुकलं. परत लावली. परत तीच फट. काका म्हणाले, "मोजणीवाल्यांच्यात हे चालत नाही. निघाला त्या कोपऱ्यावर रेघ परत मिटायलाच पाहिजे. फट राहिली म्हणजे कुठेतरी मोजताना चूक झाली. ती शोधायची, परत मोजायचं." मग 'क्षेत्रफळ' सोडून बाकीच्या तीन कॅसेटी पाहिल्या. एकेकीवर दहा-दहा, बारा-बारा जमिनी. नदीकाठच्या, वाकड्या, सतरा कोपऱ्यांच्या. सगळ्या मिटतात! केसाइतकीही फट नाही.

लोकांच्या सतरा कोपऱ्यांच्या जमिनी मिटवणारा माणूस स्वतःचं दोन खोल्यांचं घर चुकवतो? मला आज दुसरं काही सुचत नाहीये.

– शिट्टी (वाजली, पण आनंदाने)


१६ नोव्हेंबर, सोमवार

तुझं उत्तर आलं. 'आईला मी सांगितलेलं नाही. तू सांगायचंस. आणि अजून एक गोष्ट राहिलीये, तुला माहितीये कुठली.'

माहितीये. इतके दिवस कॉम्प्युटरबद्दल पानंच्या पानं लिहितोय ती तिच्या भोवतीच फिरतायत.

बसस्टॉपवर तू म्हणालीस, "काहीतरी एक पूर्ण कर रे. बाबा कधी काही अर्धवट सोडायचे नाहीत." आणि मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, स्वतःची वीतभर तरी केली का?" त्यांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. बस आली, तुझी नव्हती, तरी चढलीस.

वाक्य लिहून काढलं. बोलताना एक क्षण लागला होता, लिहायला सकाळपासून संध्याकाळ झाली.

आता पुढचं. मी त्या प्रोग्रॅमची यादी काढली. म्हणजे कॉम्प्युटरला सांगितलं, आत काय लिहिलंय ते ओळीने दाखव. मला फट कशी पडली ते शोधायचं होतं. प्रोग्रॅममध्ये काही ओळी नुसत्या शेऱ्याच्या असतात. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, सोडून पुढे जातो. त्या माणसासाठी असतात. बाकीच्या कॅसेटींत बाबांचे शेरे असे: 'उत्तर बांध'. 'विहीर'. 'दगड हलवलेला, वाद आहे'. आणि 'घर'मध्ये असे. जसेच्या तसे उतरवतो:

१०. घर. भाड्याचं. रविवार सकाळ.
२०. ही मोजायची फीत धरते, मी आकडा वाचतो.
९०. ही म्हणते स्वतःच्या घराला कुणी मोजतं का. मोजलं की आपलं वाटतं.
१५०. खिडकी. इथे टेबल.
२१०. छोटी उठली. फीत तिला हवी.
३३०. पूर्व भिंत. छोटी फितीवर बसली आहे. उठत नाही. फीत झोळ खाते.
३४०. आकडा दोन इंच जास्त.
३५०. ही म्हणते परत मोजा. नको.
३६०. फट राहू दे.

'ही' म्हणजे काकू, छोटी म्हणजे तू. ती फट तू आहेस.

मी हे काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "फ्यूज बघितला का?" उगीचच. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून.

आता मला विचारायचंय की तुला त्यातलं काही आठवतं का. फितीचा पत्रा मांडीला गार लागलेला? काकूंना आठवत असेल? त्या रागावल्या असतील की हसल्या असतील? आणि बाबांनी हे कुणाला कधी दाखवलंच नाही का? की दाखवायला टीव्ही, रेकॉर्डर, वायरी सगळं मांडावं लागायचं आणि तेवढ्यात जेवायची हाक यायची?

वीतभरही नाही म्हणालो होतो मी. त्यांनी अख्खं केलं होतं, आणि वर दोन इंच जास्तच.

माफ कर, असं लिहून थांबणार होतो. पण ते तुझ्यासमोर म्हणायचंय. शुक्रवारी येतो.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देणार आहे. तू दार उघडून काही म्हणायच्या आत दिलं तर बरं, नंतर माझं काही खरं नाही.

बरोबर काय काय आणतोय ते लिहून ठेवतो, म्हणजे विसरायचं नाही. कॉम्प्युटर, बॅटरी पूर्ण भरलेली, पावणेतीन तास चालतो. रेकॉर्डर. पाच कॅसेटी. आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पिवळ्या डब्याचे सगळे तुकडे, डागाचे दोन अर्धे वर, कागदात गुंडाळलेले. लपवायचं नाही असं ठरवलंय.

या सगळ्याला ताईने जाड कापडाची पिशवी शिवलीये. मोजणीवाले खांद्याला अडकवतात तशी, रुंद पट्ट्याची. मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "तुझ्यासाठी नाही शिवली. त्यांच्यासाठी शिवली."

स्क्रूवर ताईच्या नेलपॉलिशचा एक थेंब टाकलाय, लाल. आता तो हलणार नाही. पुढे कुणीही शहाणा येईल आणि म्हणेल, अरेरे, हेड वाकडा आहे, सरळ करूया! म्हणून रेकॉर्डरच्या आत एक चिठ्ठीही चिकटवलीये: 'वाकडा आहे, माहीत आहे. हात लावू नये.'

आणि एक सांगतो. बुधवारी मी ओळ ३४०च्या खालची, आकड्याची ओळ उघडली होती. एक आकडा बदलला की फट मिटते. दोन बटणं. बोट पाचावर होतं, त्या झिजलेल्या पाचावर. मला कधीही काहीही अर्धं दिसलं की हात शिवशिवतात, आणि मग काय होतं ते तू बघितलंच आहेस. यावेळी हात मागे घेतला. फट आहे तशी आहे.

ताईने तालीम करून घेतली. ती काकू झाली, खुर्चीत बसली, पदरबिदर घेऊन.

"बोल."

"काकू, मी डबा कापला, पण..."

"'पण' नाही."

"काकू, मी डबा कापला. मला वाटलं..."

"'मला वाटलं'पण नाही. परत."

अकराव्यांदा जमलं. "काकू, डबा मी कापला. न विचारता कापला." आणि मग गप्प राहायचं. ताई म्हणते गप्प राहायचं तेच अवघड आहे, बाकी सोपं. काकू टेबलाकडे बघतील, माझ्याकडे बघतील, काहीही म्हणतील. रडल्या तर मी काय करू? दार दाखवलं तर? तेही ऐकून घ्यायचं, आणि मगच, त्यांनी 'उघड' म्हटलं तरच, उघडायचं. नाही म्हणाल्या तर पिशवी ठेवून यायचं. कॅसेट कशी लावायची ते तुला एका कागदावर लिहून दिलंय.

पण 'उघड' म्हणाल्या तर? तर मला वाटतं खिडकीजवळ ठेवूया. टेबल नेलं असेल तर जमिनीवर. सामान बांधून झालं असेल, घर रिकामं असेल, आणि आत बसून आपण रेघेला घर काढताना बघू. रेघ पूर्वेच्या भिंतीपाशी येईल तेव्हा मला तुमच्या दोघींचे चेहरे बघायचेत. ते बघायची मला इतकी उत्सुकता आहे की भीती जरा मागे पडलीये. जरा.

आणि जमलं तर एक विचारायचंय. फीत आहे का घरात अजून? ती भिंत खरोखर किती आहे ते एकदा मोजून बघू का? प्रोग्रॅममध्ये घालायला नाही. नुसतं माहीत असावं म्हणून. तू बसू नकोस मात्र.

काका म्हणाले, "आज परत यायची घाई करू नकोस." आणि मिक्सर उघडून बसले, माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, "फ्यूज बघितलास ना?" मी म्हटलं, बघितला काका, दोनदा.

तुमच्याकडे चालत पंचवीस मिनिटं. बसने जात नाही, धक्के बसतात.

शेवटच्या ओळी उभ्याने लिहितोय. पिशवी खांद्यावर, खोका पायाशी. बाहेर आलोय आणि कागद दुकानाच्या दारावर टेकवलाय, म्हणून अक्षर असं. दार मघाशीच ओढून घेतलं, जरा उचलून. आवाज झाला नाही. काकांनी आतून विचारलं, "गेलास का आहेस?"

दार लागलंय. निघालो.